सेमाडोहच्या वाटेवरील योगक्षेम

परतवाड्याच्या पंपावर मोटारसायकलची टाकी पुरती भरून घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नाला धर्मचिंतनात काही स्थान असेल असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. तो हिशेबाचा, फार तर सावधगिरीचा प्रश्न, आणि हिशेब व सावधगिरी ही केवळ प्रपंचाची खाती, असे मी मानीत होतो. परंतु मेळघाटच्या जंगलात, सिपना नदीच्या काठी, चैत्रातल्या एका दुपारी माझी गाडी अकस्मात मुकी झाली, आणि त्यानंतरच्या दोन घटकांत जे घडले त्याने गीतेतील एका शब्दाचा जो अर्थ मी लहानपणापासून निःशंकपणे बाळगला होता तो माझ्यापुरता मोडून पडला. तो शब्द म्हणजे योगक्षेम.

अमरावतीहून परतवाडा पन्नास-बावन्न किलोमीटर, तेथून घटांगचा घाट चढून सेमाडोह आणखी जवळजवळ तितकेच, आणि पुढे कोलकास, हरिसाल अशा मजला करीत धारणी. यात धास्ती घ्यावी असे अंतर नाही. हिमाचलात केलाँगजवळ तांडी येथे पेट्रोलचा जो प्रसिद्ध पंप आहे, तेथे पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी पुष्कळ वर्षे लेहकडे जाणाऱ्यांना सावध करीत आली. तशी पाटी आमच्या वाटेवर लावण्याचे कारण नाही. शंभर सी.सी.च्या साध्या गाडीची टाकी नऊ-दहा लिटरांची असते, लिटरला पन्नास किलोमीटरांचा अजमास धरला तरी अमरावतीहून धारणीला जाऊन परत यावे आणि वर शिल्लक उरावी, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु माणसे अडतात ती बहुधा अशाच वाटेवर. तांडीहून निघणारा प्रवासी भीतीपोटी थेंबाथेंबाची मोजदाद करतो, कॅन भरून घेतो, सोबत्यांना विचारतो. जवळच्या वाटेचा प्रवासी मात्र कशाचीच चौकशी करीत नाही. शिवाय घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर कण्हत चढते तेव्हा सपाटीवरचा अ‍ॅव्हरेज तिला लागू राहत नाही, आणि घटांगपासून वाकडी वाट करून चिखलदरा पाहून यावा असा मोह झाला, म्हणजे घरून काढलेला हिशेब घरीच राहतो.

माझी गाडी जुन्या बनावटीची, टाकीखाली पेट्रोलचा कॉक असलेली होती. या कॉकची रचना ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. रिझर्व्ह म्हणजे टाकीत कोठेतरी वेगळा कप्पा असावा अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः टाकी एकच आणि पेट्रोलही एकच असते. टाकीच्या तळातून आत दोन मार्ग निघतात, एक उंच नळीच्या टोकाशी उघडणारा आणि दुसरा जवळजवळ तळाशीच. कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल उंच नळीतून येते, म्हणून त्याची पातळी त्या टोकाच्या खाली गेली की टाकीत लिटर-दीड लिटर पेट्रोल असूनही गाडी आचके देऊ लागते. मग कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवायचा, म्हणजे खालचा मार्ग मोकळा होतो. शिल्लक ही अशी नळीच्या उंचीने निर्माण होते, आणि इंजिनाचा तो आचका एवढेच तिचे ज्ञान. मात्र पंपावर टाकी भरल्यानंतर कॉक आठवणीने परत 'ऑन'वर आणला पाहिजे. तो तसाच राहिला, तर पुढच्या खेपेस इशारा न मिळता गाडी शेवटच्या थेंबापर्यंत निमूटपणे धावते आणि मग एकदमच थांबते. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची एका गाडीची जाहिरात माझ्या पिढीने ऐकलेली आहे. विसरण्याला तिने जे भूषण मानले ते मला आज भूषण वाटत नाही.

त्या दिवसांत मी गीतेचा नववा अध्याय पुन्हा वाचायला घेतला होता. जो अनन्य भावाने शरण येतो त्याचा योगक्षेम भगवान स्वतः वाहतो, हे तेथील आश्वासन मनात घोळत होते, आणि अशा मनःस्थितीत परतवाड्याच्या पंपावर लांब रांग दिसली तेव्हा मी न थांबता पुढे गेलो. अर्धी टाकी आहे, वर रिझर्व्ह आहेच, आणि इतका हिशेब करणे म्हणजे तरी काय, अविश्वासच नव्हे का, असा विचार मनात आल्याचे मला स्पष्ट आठवते. रांगेचा कंटाळा आला एवढेच खरे तर घडले होते. त्या कंटाळ्याला मी श्रद्धेचे नाव दिले, हा त्या दिवसाचा माझा पहिला आणि मोठा अपराध. चिखलदरा पाहून मी घटांगला परतलो, सेमाडोह ओलांडले, आणि कोलकासच्या दिशेने थोडेसेच गेलो असेन-नसेन तोच गाडी थांबली. कॉककडे हात नेला तर तो आधीपासूनच 'रिझर्व्ह'वर होता. मागल्या खेपेस पेट्रोल भरल्यावर तो फिरवायचा राहून गेला होता, आणि ज्या शिल्लकीच्या भरवशावर मी निघालो होतो ती मी केव्हाच, नकळत, जाळून टाकली होती. सागाची पाने गळालेली, सावली नावापुरती, नदीच्या पात्रात दगड उघडे पडलेले. गाडी ढकलीत मी सेमाडोहला परत आलो.

गावाच्या कडेला एका घरापुढे जुनी मोटारसायकल उभी होती आणि तिचा धनी, पन्नाशीच्या आतबाहेरचा एक कोरकू गृहस्थ, मोहाची वाळत घातलेली फुले गोळा करीत होता. गृहस्थ हा शब्द मी येथे आश्रमवाचक अर्थाने, जाणूनबुजून वापरतो. मी म्हणालो, "दादा, पेट्रोल संपलं. परतवाड्यापर्यंत जाण्यापुरतं कुठं मिळेल का?" त्याने माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिले, आणि काही न बोलता पाण्याची एक रिकामी बाटली आणली. आपल्या गाडीच्या कार्बोरेटरची नळी त्याने काढली, ती बाटलीच्या तोंडात धरली आणि कॉक 'ऑन'वर केला. पेट्रोल प्रथम जोराने, मग बारीक धारेने आले, आणि बाटली गळ्यापर्यंत भरायच्या आधीच आपोआप थांबले. मला वाटले, आता तो कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवील. त्याने तसे केले नाही, कॉक बंद केला, नळी पुन्हा बसवली आणि बाटली माझ्या हाती देत वऱ्हाडीत म्हणाला, "रिझर्व्हचं मले लागते, भाऊ. उद्या धारणीले जा लागते. वरचं तुमचं." पंपावरच्या भावाने होतील तेवढेच पैसे त्याने घेतले. मी अधिक देऊ केले तेव्हा, "पंपावर काय जास्त देता का?" असे विचारून त्याने ते परत केले, आणि उताराला गाडी न्यूट्रल करू नका, पेट्रोल वाचते पण ब्रेक तापतात, असे बजावून तो आपल्या मोहाकडे वळला.

वरचे तुमचे, हे दोन शब्द मला परतवाड्यापर्यंत सोबत करीत होते, आणि नंतरही त्यांनी मला सोडले नाही.

योगक्षेम या शब्दाची शंकराचार्यांनी केलेली फोड प्रसिद्ध आहे: जे अप्राप्त आहे त्याची प्राप्ती म्हणजे योग, आणि जे प्राप्त झाले त्याचे रक्षण म्हणजे क्षेम. या शब्दाचा आपल्या परंपरेतील प्रवास मोठा विलक्षण आहे. कठोपनिषदात यम नचिकेत्याला सांगतो की मंदबुद्धीचा मनुष्य श्रेय सोडून प्रेय पत्करतो तो योगक्षेमाच्या लोभानेच. म्हणजे तेथे हा शब्द निंदेच्या स्थानी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला निर्योगक्षेम हो असे सांगितले आहे, आणि नवव्या अध्यायात तोच योगक्षेम भगवान आपल्या शिरावर घेतो. या तीन स्थळांची संगती लावताना सामान्य वाचक जो निष्कर्ष काढतो तोच मीही काढला होता, तो असा की तरतुदीची चिंता ही क्षुद्र माणसाची, आणि थोर माणसाची तरतूद ईश्वर करतो; तेव्हा तरतूद न करणे हे थोरपणाचे लक्षण. परंतु नवव्या अध्यायातील त्या श्लोकावरील शंकराचार्यांचे भाष्य मी सेमाडोहहून परतल्यावर पुन्हा उघडले, तेव्हा पूर्वी अनेकदा नजरेखालून गेलेली एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. आचार्य स्वतःच शंका उपस्थित करतात की इतर भक्तांचाही योगक्षेम भगवानच वाहत नाही काय? ते उत्तर देतात की वाहतो, हे खरेच; भेद एवढाच की इतर भक्त आत्मार्थ, म्हणजे स्वतःसाठी, योगक्षेमाची खटपट करीत असतात आणि अनन्यदर्शी तशी करीत नाहीत. माझे सारे लक्ष त्या 'आत्मार्थ' या शब्दावर खिळले. मी असे म्हणत नाही की आचार्यांना अभिप्रेत असलेला संपूर्ण आशय मला गवसला. परंतु ज्या खटपटीचा निषेध आहे ती स्वतःपुरती खटपट, आणि दुसऱ्यासाठी जपलेली शिल्लक त्या निषेधात येत नाही, असे मला त्या दिवसापासून निश्चयाने वाटते.

यावर एक आक्षेप माझ्याच मनाने घेतला. आश्वासन खरे ठरलेच की नाही? पेट्रोल संपले, आणि भगवंताने त्या गृहस्थाच्या रूपाने ते पुरवले. मग श्रद्धा चुकली कोठे? हा आक्षेप वरवरचा नाही आणि पुष्कळ सात्त्विक माणसे याच्या आधारे आयुष्य काढतात. परंतु ईश्वराने पाठवले असे म्हणणाऱ्याने ते कोणाच्या वाट्यातून पाठवले हेही विचारले पाहिजे. मी परतवाड्याच्या पंपावर, जेथे पेट्रोल मुबलक होते तेथे, थांबलो नाही. आणि जेथे एका माणसाला उद्याच्या खेपेसाठी ते लिटरात मोजावे लागते तेथे जाऊन हात पसरला. माझ्या बेफिकिरीचा भार ईश्वराने उचलला असेल, पण तो त्याने उचलला माझ्याहून गरीब माणसाच्या खांद्याने.

भिक्षेच्या परंपरेशी या वागण्याची तुलना करून पाहावी. आमच्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान, महानुभावांचे परम तीर्थ; श्रीचक्रधरांनी आपल्या अनुयायांना घालून दिलेल्या आचारात नित्य अटन आणि भिक्षा यांना केवढे महत्त्व आहे हे त्या पंथाच्या वाङ्मयाच्या वाचकांस सांगावयास नको. संग्रह न करता हिंडणे हा तेथे धर्मच आहे. परंतु तो भिक्षू आपला सारा प्रपंच टाकून आलेला असतो, थोडे थोडे अनेक घरी मागतो, आणि त्याच्या मागण्याला नियमांची कडक चौकट असते. मी काय टाकले होते? माझे घर, वेतन, परतीची वाट, सारे शाबूत होते. टाकली होती ती फक्त पंपावरची रांग. संन्याशाचे निःसंगत्व गृहस्थाने सोयीपुरते उसने घेणे, हा धर्माचा व्यभिचार आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मग गृहस्थाचा धर्म कोणता? तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्न पुष्कळ वाढवावे हे व्रत म्हणून सांगितले आहे, आणि त्याच्या लगेच पुढे वस्तीला आलेल्या कोणालाही विन्मुख करू नये हे दुसरे व्रत येते. ज्या अर्थी कोणालाही नाही म्हणायचे नाही, त्या अर्थी हरप्रयत्नाने अन्न मिळवून ठेवावे, असा तेथील युक्तिवाद आहे. म्हणजे संचयाचे प्रयोजनच अतिथी. जैनांनी हा विवेक अधिक काटेकोरपणे मांडला. परतवाड्याहून बैतूलच्या अंगाला मुक्तागिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, डोंगरात बावन्न मंदिरे आहेत. तेथे दर्शनाला येणारा मुनी अपरिग्रहाचे महाव्रत पाळतो, पण त्याच्या सोबतच्या श्रावकाला सांगितलेले अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचे आहे. आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा त्याने स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. एवढेच नव्हे, कोणत्या दिशेला किती दूर जायचे याचीही मर्यादा घालून घेण्याचे दिग्व्रत त्याला सांगितलेले आहे, आणि मोटारसायकलवर बसणाऱ्याने त्याचा अवश्य विचार करावा. बौद्ध भिक्षूला तर अन्नाचा साठा रात्रीपुरताही वर्ज्य. तथापि आजाऱ्यासाठी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही सात दिवसांपर्यंत ठेवण्याची मोकळीक विनयपिटकाने दिली आहे. कठोरातल्या कठोर त्यागालाही दुखण्याच्या प्रसंगी थोडी बेगमी मान्य करावी लागली, आणि ती मान्य करताना दिवस मोजून द्यावे लागले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आश्चर्य असे की आपल्या सरकारी कायद्यालाही हाच भेद पाळावा लागला: १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीचा हेतू नसेल तर परवान्याशिवाय एकूण तीस लिटरांपर्यंत पेट्रोल बाळगता येते, मात्र काचेच्या पात्रात एका लिटराहून अधिक नाही आणि धातूच्या पात्रात पंचवीस लिटरांहून अधिक नाही. कायद्याचा हेतू आगीपासून रक्षणाचा असला, तरी गरजेपुरते बाळगणे आणि नफ्यासाठी साठवणे यांत त्याने रेघ ओढली आहे.

याच वाटेवर, अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वलगावजवळ पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी तेथे, अमरावतीकडे येत असता, देह ठेवला. १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या या पुरुषाने १९०५ मध्ये घर सोडले, आणि त्यानंतर अर्धशतकभर त्याची सारी मालमत्ता म्हणजे एक गाडगे, एक काठी आणि अंगावरच्या चिंध्या. मला लहानपणी बाबांच्या जीवनात एक विसंगती दिसे: ज्याने स्वतःसाठी दुसरे वस्त्र ठेवले नाही त्याने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे एवढ्या धर्मशाळा कशा बांधल्या, लाखोंचा व्यवहार कसा केला? आज ती विसंगती वाटत नाही. त्यांनी स्वतःपुरता योगक्षेम सोडला होता आणि वाटसरूंचा उचलला होता. आणि गावात शिरल्यावर भाकरीचा तुकडा घेण्याआधी खराटा घेऊन गाव झाडायचे, हा त्यांचा नेम होता. सेमाडोहच्या त्या गृहस्थाला बाबांच्या पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही, त्यालाही तो रुचणार नाही. पण उंच नळीच्या वर जे येईल ते वाटसरूचे, असे ज्याच्या मनात इतके स्वच्छ होते की त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही, त्या माणसाला संचय आणि त्याग यांतले नाते कळले होते. त्याने सर्वस्व दिले नाही, हेच मला त्याच्या दानात सर्वांत मोलाचे वाटते. सारे देऊन टाकले असते तर दुसऱ्या दिवशी तोच कोणाच्या तरी दारात उभा राहिला असता, आणि माझा निष्काळजीपणा माणसामाणसांतून पुढे सरकत राहिला असता.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांना हा कॉक राहिलेला नाही. २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या नव्या नियमांनंतर बहुतेक लहान गाड्यांतही इंधन टाकीतल्या विजेच्या पंपाने दाबाखाली पुढे जाते. पातळी खाली आली की काट्याजवळ दिवा लागतो, आणि तो पंप पेट्रोलानेच थंड राहत असल्यामुळे टाकी कोरडी होईतो गाडी चालवणे त्यास अपायकारक ठरते. इशाऱ्यासाठी आता आठवणीने काही फिरवावे लागत नाही, ही सोय मी नाकारीत नाही. परंतु नळी काढून, कॉक उघडून, वरचे तेवढे बाटलीत देण्याची ती रीत अशा गाड्यांच्या बाबतीत शक्य राहिलेली नाही, आणि रानातल्या वाटेवर एका गाडीने दुसरीला सहज हात द्यावा असा एक मार्ग त्यामुळे बंद होत आहे. म्हणून पंपावर थांबण्याचे कर्तव्य पूर्वीपेक्षा आता अधिक आहे.

मेळघाटात जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. परतवाड्याला रांग असली तरी थांबा आणि टाकी पूर्ण भरा. गाडी जुनी असेल तर कॉक 'ऑन'वर आहे ना, हे हाताने चाचपून पाहा. शक्य असेल तर लिटरभर पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात सोबत असू द्या, आणि घाटात कोणी गाडी ढकलीत येताना दिसला तर तो डबा त्याच्या हाती द्या. पैसे पंपाच्या भावाने घ्या.